वाळपईच्या भट्टीवर फेणी चाखताना

गोव्यात द्राक्षाचे मळे नाहीत. बाटलीवर गोव्याचं नाव असलेल्या पोर्ट वाइनची द्राक्षंसुद्धा बाहेरून येतात. इथल्या मातीतलं काही चाखायचं असेल, तर काजूच्या हंगामात फेणीची, म्हणजे काजूच्या फळापासून गाळलेल्या गोव्याच्या दारूची, भट्टी गाठावी. म्हणून भर एप्रिलात सावंतवाडीहून दोडामार्ग, डिचोली, साखळी करत वाळपईला बहिणीकडे गेलो आणि भावोजींना म्हटलं, "मला फेणी दुकानातली नको, भट्टीवरची हवी."

भट्टी गावाबाहेर, काजूच्या बागेतच. दूरूनच बोंडूंचा, म्हणजे काजूच्या बीला लागून असलेल्या रसाळ फळांचा, आंबूस-गोड वास येतो. इथं बोंडू झाडावरून तोडत नाहीत, पिकून आपोआप गळलेलेच वेचतात. बी पिरगळून वेगळी करायची आणि बोंडू दगडी हौदात टाकून पायांनी तुडवायचे. निघालेला रस दोन-तीन दिवस आंबतो. त्यात साखर नाही, बाहेरचं यीस्टही नाही. मग भानात, म्हणजे तांब्याच्या मोठ्या भांड्यात, तो उकळायचा आणि वाफ थंड करून धरायची. पहिल्या धारेचा तो हुर्राक. हुर्राकात पुन्हा आंबलेला रस घालून दुसऱ्यांदा गाळली की फेणी.

भट्टीवाल्या काकांनी आधी नीरो दिला. तुडवलेल्या चोथ्याचा गोळा बांधून त्यावर दगड ठेवतात, त्यातून ठिबकणारा हा न आंबलेला रस. गोड, पण जिभेच्या कडांना बोंडूचा तुरटपणा लागतो. नंतर हुर्राक. साधारण पंधरा टक्के अल्कोहोल, त्यामुळे घशाला लागत नाही. मीठ, लिंबू, उभी चिरलेली हिरवी मिरची आणि लिमका घालून सगळे तो पितात, पण मी आधी नुसता घेतला. पिकलेल्या अननसासारखा वास आणि मागाहून हलकासा धूर.

फेणीची पाळी आली तेव्हा काका म्हणाले, "पयलीं वास घे." त्यांनी माझ्या तळव्यावर चार थेंब टाकले आणि हात चोळायला लावले. स्पिरिटचा झणका क्षणात उडून गेला आणि तळव्यावर नुसता बोंडू उरला. मग कुठे घोट घेतला. चाळीस टक्क्यांच्या वरची, तरी कडक म्हणावंसं वाटेना. काचेच्या मोठ्या गाराफांवात वर्षभर ठेवलेली फेणी त्याहून मऊ होती, तिचा वास ग्लास रिकामा झाल्यावरही जात नव्हता. भावोजींनी माडाची फेणीही मागवून ठेवली होती. ती दक्षिण गोव्यातल्या सासष्टीकडची, सुरापासून, म्हणजे माडीपासून गाळलेली. सौम्य आहे, छान आहे, पण माझं मन काजूच्याच फेणीवर बसलं.

काजूचं झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलं, पण बोंडूचं असं पेय गोव्यानं घडवलं. 2009 साली काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं आणि 2016 साली गोवा सरकारनं तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. हे योग्यच झालं. तरीही वाइनचा ग्लास फिरवून वास घेणारी मंडळी फेणी नाक मुरडून सोड्यात बुडवतात, याचं मला वाईट वाटतं. प्रत्येक भट्टीची चव निराळी असते आणि ती नुसती, सावकाश घेतल्याशिवाय कळत नाही.

त्याहून जास्त वाईट वाटतं ते आमच्या सिंधुदुर्गाबद्दल. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रानं काजूच्या एकाहून एक जाती दिल्या. बी आम्ही जपून विकतो आणि बोंडू बहुतेक झाडाखालीच कुजतात. सीमेपलीकडे त्याच फळावर घरं चालतात. काकांच्या भट्टीवर त्या दिवशी तीन पिढ्या राबत होत्या.

जायचं तर मार्च ते मे. फेणी वर्षभर मिळते, पण हुर्राक टिकत नाही, पावसाआधी संपतो. भट्टीवर सकाळी लवकर जा, तेव्हा तुडवणी चालू असते. आणि गाडी चालवणाऱ्यानं फक्त नीरो प्यावा, तोही पोटभर मिळतो.