शेवटचं कोण?

स्पेनमधल्या सालामांकाच्या बाजारात पहिल्या शनिवारी मी एकटीच रांगेत उभी होते. भाजीच्या गाळ्यासमोर सातआठ बायका आणि दोन आजोबा होते, पण कुणी खांबाला टेकलेलं, कुणी पलीकडच्या मासळीवालीशी गप्पांत रंगलेलं, तर कुणी चाकाची पिशवी तिथेच सोडून पाव आणायला गेलेलं. मी आपली गाळ्याच्या तोंडाशी, शाळेत प्रार्थनेला उभं राहावं तशी. वीस मिनिटं गेली. माझ्यामागून आलेल्या तिघी भाजी घेऊन चालत्या झाल्या, तरी भाजीवाली माझ्याकडे बघेना. मनात म्हटलं, झालं, परकी म्हणून डावललं.

तेवढ्यात एक आजी आल्या. कुणाकडेच न बघता त्यांनी हवेत प्रश्न सोडला, "किएन एस एल उल्तिमो?" शेवटचं कोण? मासळीकडच्या आजोबांनी मान न वळवता बोट वर केलं. आजींनी त्यांना एकदा नीट बघून घेतलं आणि बाकावर जाऊन बसल्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. रांग होती, चांगली शिस्तीची होती. फक्त ती जमिनीवर नव्हती, माणसांच्या डोक्यांत होती. आणि त्यातल्या एकाही डोक्यात मी नव्हते, कारण मी कुणाला काही विचारलंच नव्हतं.

या रांगेतल्या नंबराला तिथे 'बेथ' म्हणतात. बेथ म्हणजे खेप, पाळी. "किएन दा ला बेथ?" असंही विचारतात, म्हणजे पाळी कोण देतंय? जो शेवटचा असतो तो ती देतो आणि देताक्षणी त्याचं शेवटचेपण संपतं. तुम्ही एक चेहरा लक्षात ठेवायचा, तुमचा चेहरा पुढच्या येणाऱ्यानं. मुरलेल्या बायका आणखी एक पाऊल पुढे असतात. त्या "आणि तुम्ही कुणाच्या मागे?" हेही विचारून घेतात. मधला माणूस कंटाळून निघून गेला तर साखळी तुटायला नको. सुपरमार्केटात चीज-मांसाच्या काउंटरवर नंबराची चिठ्ठी देणारं यंत्र असतं, पण त्यात काही मजा नाही. चिठ्ठीशी कुठे बोलता येतं?

आईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अगं, मग गिरणीसारखंच की!" खरंच की. साताऱ्यात आमच्या गिरणीत माणसं कधी रांगेत उभी राहिलीच नाहीत, डबे राहायचे. गव्हाचा डबा, त्याच्यामागे बाजरीची पिशवी, आणि मालक घरी चहा पीत. फरक इतकाच की आमच्याकडे डबा तरी दिसतो. इथे डबाही नाही, नुसता विश्वास. "भांडणं होत नाहीत?" आईचा पुढचा प्रश्न. होतात की. "माफ करा, पण मी आहे," हे वाक्य इथल्या आज्या ज्या गोडव्यानं म्हणतात, त्यानं समोरच्याच्या अंगावर काटा येतो.

हा बाजार प्लाझा मायोरला, म्हणजे गावच्या मुख्य चौकाला लागून आहे, 1909 साली उघडलेला, लोखंड, विटा आणि काचेचा. मी आले होते 1218 सालच्या विद्यापीठात शिकायला. पण पहिल्या सत्रात माझं स्पॅनिश सुधारलं ते इथे, असं म्हटलं तर माझे प्राध्यापक रागावणार नाहीत बहुतेक. पुण्यातल्या वर्गात मी धन्यवादाला 'ग्रासियास' शिकून आले होते, ते इथे 'ग्राथियास' झालं. वजनमापं तर कुठल्या पुस्तकात नव्हतीच. माझ्या पुढच्या बाईंनी एकदा हॅम मागितलं, "क्वार्तो इ मिताद", म्हणजे पाव आणि अर्धा. मी तीन पाव समजून चाट पडले. एवढं एकटी खाणार? पण तो अर्धा किलोचा नसतो, पावाचाच असतो. पाव किलो अधिक त्याचं अर्धं, तीनशे पंचाहत्तर ग्रॅम. आपल्या हिशोबानं दीड पाव! सव्वा, दीड, पावणेदोन पाठ करून मोठ्या झालेल्या माणसाला हे ऐकून माहेरचं कुणी भेटल्यासारखं होतं. माझ्या वर्गातला जर्मन मुलगा अजून बिचारा शंभर-शंभर ग्रॅममध्येच मागतो.

जमलं नाही ते एकच, हात आवरणं. भाजीला हात लावायचा नाही. तुम्ही नुसतं बोट दाखवायचं, निवडणार भाजीवाली. लहानपणापासून भेंडीचं टोक मोडून बघणाऱ्या बाईच्या जातीला ही केवढी शिक्षा! पहिल्यांदा मी टोमॅटो दाबून बघितला तेव्हा तिनं तो माझ्या हातातून अलगद काढून घेतला आणि विचारलं, "आज खायचेत की उद्या?" आजचे म्हणाल्यावर तिनं जे निवडले ते मी निवडले असते त्यापेक्षा सरस होते. हे मी आईला सांगितलेलं नाही.

आणि शेवटी, पैसे दिल्यावर, पिशवीत एक हिरवी काडी फुकट. आपल्याकडे कढीपत्ता टाकतात तशी. मी हरखून घरी आले, वास घेतला आणि पडलेच. कोथिंबीर नव्हे, पार्सली. दिसायला सख्खी बहीण, पोह्यांवर घातली की सावत्र. पुढच्या शनिवारी मी धीर करून 'थिलांत्रो', म्हणजे कोथिंबीर, आहे का विचारलं. तिनं ते कशाला लागतं हे विचारलं, मी पोहे समजावायला लागले, मागे पाळी धरून बसलेल्यांनीही कान दिले आणि एका आजोबांनी चपटा भात ही कल्पना साफ नाकारली. पण त्यानंतर ती दर शनिवारी एक जुडी माझ्यासाठी बाजूला ठेवू लागली.

दवाखान्यातही तेच. आत पाऊल टाकताना सगळ्या खोलीला "बुएनोस दियास", मग शेवटचं कोण, मग बसायचं. निघताना पुन्हा सगळ्यांना "आस्ता लुएगो", भेटू मग. पुन्हा कधीही न दिसणाऱ्या माणसांना. लिफ्टमध्ये दोन मजले सोबत आलेला माणूसही असं म्हणून उतरतो. मला सुरुवातीला हसू यायचं. नंतर जाणवलं, आपण तरी दाराबाहेर पडताना कुठे 'जाते' म्हणतो?

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी पाळी घेऊन मी पाव आणायला गेले होते. सालामांकाची थंडी, बेकरीच्या उबेत पाय रेंगाळले. धावतपळत परत येते तर भाजीच्या गाळ्याशी एक नवखे गृहस्थ "शेवटचं कोण?" विचारत होते. मी आत्तापर्यंत 'ती भारतीय मुलगी' होते, फार तर 'हिरव्या कोटवाली'. भाजीवालीनं काट्यावरची नजर न हलवता सांगितलं, "ला देल थिलांत्रो. कोथिंबीरवाली. पाव आणायला गेलीय, येईल इतक्यात."

मी मागून बोट वर केलं.