तुम्ही विचारलंत म्हणून: पहिलं सत्र संपतं कधी?

जून उजाडला की पालक विचारतात. पुण्याचे भावोजी तर दरवर्षी न चुकता. "पहिलं सत्र नेमकं कधी संपतं? एक तारीख कायमची ठरवून का टाकत नाही तुम्ही?" त्यांना तिकिटं काढायची असतात, आणि मला वार्षिक नियोजनाचा तक्ता भरायचा असतो. अडचण दोघांची एकच.

एका शब्दात सांगायचं तर दिवाळी. शाळेचं पहिलं सत्र दिवाळीला संपतं आणि दिवाळी पंचांगाप्रमाणे येते. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला गेलं. २०२५ मध्ये ते २१ ऑक्टोबरलाच. शाळा मात्र, विदर्भ सोडला तर, दोन्ही वर्षी जूनच्या मध्यालाच उघडली. म्हणजे पहिल्या सत्रात बावीस दिवसांचा फरक, आणि पुस्तक तेवढंच जाड. 'सहामाही' म्हणतो आपण, पण जून ते दिवाळी सहा महिने मी तरी कधी मोजले नाहीत. कॉलेजवाल्यांनी मिरवू नये, 'सेमिस्टर' या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थही सहामाहीच, आणि त्यांचेही सहा महिने भरत नाहीत.

इथवर सगळ्या महाराष्ट्राचं झालं. मी रत्नागिरी जिल्ह्यात गणित शिकवते, आणि इथे कागदावर दोन सत्रं असली तरी प्रत्यक्षात तीन असतात. मधली रेघ गणपतीची.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी सोलापूरकडची. नोकरीच्या पहिल्या वर्षी उत्साहाने घटक चाचणी लावली ती गणपतीची सुट्टी संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी. बेचाळीसपैकी अकरा मुलं आली. मी चिडले, तेव्हा आमच्या शाळेचे शिपाईकाका शांतपणे म्हणाले, "बाई, गणपती काय सगळ्यांकडे एकाच दिवशी जातात?" खरंच की. कुणाकडे दीड दिवस, कुणाकडे पाच, कुणाकडे गौरीबरोबर, कुणाकडे थेट अकरा. त्यात मुंबईहून आलेले काका-आत्या परत जाईपर्यंत पोरं दप्तराला हात लावत नाहीत. उरलेल्या एकतीस जणांची चाचणी नंतर वेगळी प्रश्नपत्रिका काढून घेतली, तीही माझ्याच हाताने.

सरकारलाही हे ठाऊक आहे. सुट्ट्यांच्या परिपत्रकात एक ओळ असते: उन्हाळ्याची किंवा दिवाळीची दीर्घ सुट्टी कमी करून त्याऐवजी गणेशोत्सव किंवा नाताळात समायोजनाने सुट्टी द्यावी, शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने, वर्षाच्या एकूण सुट्ट्या मात्र ७६ च्या पुढे नकोत. त्या एका ओळीवर कोकणातल्या शाळा चालतात. गणपतीला जे दिवस घेतले ते दिवाळीतून वजा. शिवाय शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीला कामाचे २२० दिवस भरले पाहिजेत. हिशेब जुळेपर्यंत खोडरबर संपतो.

माझी खरी डोकेदुखी वेगळीच. आठवीला 'विस्तार सूत्रे' आणि त्याला लागून 'बैजिक राशींचे अवयव'. पहिलं पक्कं नसेल तर दुसरं होतच नाही. या दोन धड्यांच्या मधोमध गणपती आले की संपलं. परत आलेली मुलं घनाच्या सूत्राकडे अशी बघतात जणू मी कानडीत बोलतेय. म्हणून मी आधी गणेश चतुर्थीची तारीख बघते, मग धडे मांडते. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला होती, शाळा उघडल्यापासून जेमतेम दहा आठवडे. त्यातही जुलैत भातलावणी. लावणीच्या दिवसांत वर्ग निम्मा असतो, आणि पावसात सडा, म्हणजे कातळाचं पठार, तुडवत येणाऱ्या पोराला "काल का नव्हतास?" विचारायचं धाडस मला होत नाही. त्या वर्षी दोन्ही धडे सरळ गणपतीनंतर ढकलले आणि आधी भूमिती घेतली. पुस्तकाचा क्रम मोडला म्हणून कुणी काही बोललं नाही.

विदर्भात तर वेगळंच गणित. उन्हामुळे तिथल्या शाळा उशिरा उघडतात. २०२३ मध्ये बाकी राज्य १५ जूनला सुरू झालं, विदर्भ ३० जूनला. पुस्तकं तीच, दहावीचा बोर्डाचा पेपरही त्याच दिवशी. शेजारच्या गोव्याने एप्रिल २०२५ पासून वरचे बरेचसे वर्ग एप्रिलमध्येच सुरू केले, मे महिन्याची सुट्टी मध्ये ठेवून. ते बघून आमच्याकडेही अधूनमधून चर्चा होते. मला ते पटत नाही. एप्रिलात शिकवलेलं मे महिन्यातले आंबे खाईपर्यंत टिकत नाही, हे माझं वैयक्तिक मत, लिहून ठेवा.

तर भावोजी, तारीख ठरवता येत नाही. पण २०२६ चं सांगून ठेवते. अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून गणपती १४ सप्टेंबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. तिकिटं त्या हिशेबाने काढा. मी विस्तार सूत्रं आणि अवयव दोन्ही ऑगस्टमध्ये मांडलेत, पेन्सिलीने.