नोंद १४: सहा महिने प्रोसेसरला उगाच शिव्या

मागच्या नोंदीत माझ्या पीसीच्या प्रोसेसरबद्दल 'रायझन ५ १६०० आता थकला, उन्हाळ्याआधी बदलायचाच' असं लिहून मी मोकळा झालो होतो. परवा रात्री पावणेबाराला त्यावर पाणी पडलं. कारण सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

लक्षणं तुम्हाला पाठ आहेत. काउंटर-स्ट्राइक २ या गेममध्ये स्मोक (धुराचा बॉम्ब) फुटला की गचका. सरासरी १४० एफपीएस (सेकंदाला फ्रेम), पण १% लो, म्हणजे सगळ्यात मंद एक टक्का फ्रेमचा वेग, ४८. आरएक्स ६६०० हे ग्राफिक्स कार्ड पंचावन्न टक्क्यांवर लोळत पडलेलं. रिझोल्युशन ७२०पी केलं तरी फ्रेम तेवढेच, म्हणजे कार्ड रिकामं बसलंय आणि प्रोसेसर धापा टाकतोय. भाचा तर रोज ऐकवायचा, "मामा, २०१७ चा आहे तो. किती राबवता बिचाऱ्याला?"

परवा मदरबोर्डाच्या बायोसची (बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरची) आवृत्ती बघायला म्हणून सीपीयू-झेड हे माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडलं आणि चुकून मेमरीच्या टॅबवर क्लिक झालं. चॅनलपुढे 'सिंगल', म्हणजे दोन स्टिक असून रॅम एकाच वाटेने चालतेय. फ्रिक्वेन्सी १०६६, तिची दुप्पट म्हणजे रॅम २१३३ वर. माझी किट ३२०० ची!

कॅबिनेट उघडलं. दोन्ही स्टिक पहिल्या आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये शेजारी शेजारी, म्हणजे एकाच चॅनलवर बसलेल्या. दिवाळीच्या साफसफाईत मीच त्या काढल्या होत्या. आमच्या मागच्या गल्लीत यंत्रमाग चालतात, त्यामुळे पंख्यात साधी धूळ नसते, टॉवेलच्या सुताचा पांढरा कापूस असतो. ब्लोअर मारला, रॅमचे पिवळे पाय खोडरबरने घासले, बोर्डावरचा सेलही बदलला, आणि हाताला आल्या त्या स्लॉटमध्ये स्टिक दाबून दिल्या. सेल काढल्यावर एक्सएमपी (रॅम तिच्या छापील वेगावर चालवणारं बायोसमधलं सेटिंग) उडालं, तेही पुन्हा लावलं नाही. विंडोजमध्ये १६ जीबी बरोबर दिसत होती, म्हणून शंका आलीच नाही.

पहिल्या पिढीच्या रायझनला हे दुप्पट बाधतं. सहा कोर तीन-तीनच्या दोन गटांत असतात आणि त्यांचं आपसातलं बोलणं इन्फिनिटी फॅब्रिक या आतल्या जोडणीवरून होतं. त्या फॅब्रिकचा क्लॉक रॅमला बांधलेला. रॅम रांगली की कोरही रांगतात.

स्टिक दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हलवल्या, एक्सएमपी लावलं आणि इथून खरी कटकट सुरू झाली. ३२०० वर मशीन उठेचना. तीनदा पंखे फिरायचे, थांबायचे, आणि मग गपगुमान २१३३ वर बूट. व्होल्टेज १.३५ आहे ना, ते तपासलं. रॅमचे टायमिंग हाताने सैल केले. ३२०० वर एकदा विंडोजपर्यंत गेलं, तर ब्राउझर उघडताच निळा पडदा. रात्री दोनला ३०६६ वर मेमटेस्ट (रॅमची चाचणी) लावून झोपलो, सकाळी पडद्यावर लाल ओळी, म्हणजे चुका. शेवटी २९३३ वर आलो. तिसरी फेरी संपत आली आणि लाईट गेली. यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली आहे, हे तेव्हा कळलं. पुन्हा पहिल्यापासून. काल दुपारी चार फेऱ्या बिनचूक निघाल्या, तेव्हा शेंगा चटणी आणि कडक भाकरी घेऊन पडद्यासमोरच जेवलो.

आता आकडे, तोच नकाशा, त्याच सेटिंग: सरासरी १७२, १% लो ७९. एक रुपया न घालता! स्मोकमध्ये अजून टोचतं, पण पूर्वीसारखा हिसका नाही.

म्हणजे अपग्रेड रद्द? तसं ठरवूनच लिहायला बसलो होतो. पण वरचा ७२०पी चा परिच्छेद लिहिताना ध्यानात आलं की ती चाचणी सिंगल चॅनलवर केलेली, तिचा काय भरवसा? लिहिणं थांबवून पुन्हा केली. कार्ड सत्तर टक्क्यांवर, फ्रेम जवळपास तेवढेच. प्रोसेसर पूर्ण निर्दोष नाही तर. उलट मोठ्या ओपन-वर्ल्ड गेममध्ये १०८०पी अल्ट्रावर कार्डच ९७ टक्क्यांवर, तिथे नवा प्रोसेसर घालून काही हाती लागायचं नाही. पण मी रोज रात्री भाच्याबरोबर खेळतो काय, तर काउंटर-स्ट्राइक.

एएम५ या नव्या सॉकेटचा विषय बंद. बोर्ड नवा, रॅम डीडीआर५, आणि तिचे सध्याचे भाव ऐकून घरात विषय काढायची सोय नाही. माझ्याच बोर्डावर बसणाऱ्या रायझन ७ ५७००एक्स३डी वर माझं मन अडकलं होतं. ९६ एमबी एल३ (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी), रॅमकडे धावायची गरजच कमी. पण तो १०५ वॅटचा, सोबत कूलर मिळत नाही आणि माझ्या स्वस्त बी३५० बोर्डाच्या व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर) हीटसिंक नाही. आपल्याकडे एप्रिलमध्ये वरच्या मजल्यावरची खोली संध्याकाळीही तापलेली असते. रायझन ५ ५६०० हा ६५ वॅटचा, ३२ एमबी एल३, डब्यात कूलर. शिवाय विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत १६०० नाही, ५६०० आहे, आणि विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्येच संपला. तर ५६००.

सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका दुकानात विचारलं, तर "बी३५० वर ५००० सिरीज चालतच नाही, बोर्ड घ्या." चालते ओ, २०२२ पासून बायोस आलेत! माझ्या बोर्डाला आधी एक मधली आवृत्ती टाकावी लागते, मग शेवटची. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन वापरलेला आणावा का, यावर अजून घोळ आहे. एएम४ या माझ्या बोर्डाच्या सॉकेटला पिना प्रोसेसरलाच असतात, म्हणून भिंग घेऊनच जाईन. जुना काढताना पेस्ट गरम असावी, नाहीतर कूलरबरोबर प्रोसेसरही उपटून येतो. या दिवसांत त्यासाठी वेगळं काही करावं लागणार नाही म्हणा.

तोवर ९० वर फ्रेम कॅप (एफपीएसची मर्यादा) लावून बघतोय. फ्रेमटाइमची (एकेका फ्रेमला लागणाऱ्या वेळेची) रेघ बरीच सरळ झाली. पेनड्राइव्ह फॅट३२ करून त्यावर दोन्ही बायोस टाकून ठेवलेत. फ्लॅश, म्हणजे बायोस बदलणं, मात्र यूपीएसची बॅटरी आल्यावरच.