आमची वाटचाल : एका बोटाची कॉर्ड

आमच्या फर्मची सुरुवात खरंतर एका अडकलेल्या बटणापासून झाली. आम्ही दोघंच, मी आणि माझा पार्टनर, तेव्हा फक्त जुने सिंथ, म्हणजे सिंथेसायझर कीबोर्ड, रिपेअर करायचो. एकजण सहा व्हॉइसचा, म्हणजे एका वेळी सहाच सूर वाजवणारा, जुना सिंथ घेऊन आला, म्हणाला बाकी सगळं वाजतंय फक्त कॉर्ड मेमरीचं बटण लागत नाही. बटण खोललं, कॉन्टॅक्ट पुसला, लागलं. मग टेस्ट म्हणून एक मायनर सेव्हन्थ कॉर्ड (एकत्र वाजणारे चार सूर) धरून मेमरीत टाकली आणि एका बोटाने वर-खाली फिरवत बसलो, तर पार्टनर जेवायला बोलावून बोलावून थकला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सिंथ तुमची कॉर्ड लक्षात ठेवतो म्हणजे सुरांमधलं अंतर लक्षात ठेवतो, सेमिटोनमध्ये, म्हणजे शेजारशेजारच्या काळ्या-पांढऱ्या की मोजून. मायनर सेव्हन्थ म्हणजे ०, ३, ७, १०. मग कुठलीही की दाबा, तिथून तेवढ्याच अंतरावरचे सूर वाजणार. सा दाबा, रे दाबा, कॉर्डचा साचा तोच, स्केलबिल बघत नाही तो. म्हणूनच पुस्तकी हार्मनीवाले नाक मुरडतात आणि म्हणूनच हाउस आणि टेक्नो डान्स म्युझिकमधल्या त्या एकाच साच्याच्या सरकणाऱ्या कॉर्ड इतक्या भारी वाटतात. "हे चीटिंग आहे" असं अजूनही कोणीतरी ऐकवतंच, आम्ही हसतो. कॉर्ग पॉलीसिक्सवर हे १९८१ पासून आहे, रोलँडच्या अल्फा जुनोवरही आहे, आणि प्रॉफेट-६ वर तर कॉर्ड धरून युनिसनचं बटण दाबलं की झालं.

मग लोक विचारायला लागले, आमच्या सिंथला हे नाहीये, काही करता येईल का. म्हटलं त्यात काय, मिडीची (कुठली नोट चालू, कुठली बंद हे वाद्यं एकमेकांना ज्या भाषेत कळवतात ती) एक छोटी डबी बनवू, एक नोट आत, चार नोट बाहेर. आठवड्याचं काम वाटलं होतं. सगळ्यात मोठी चूक ही!

नोट चालू करणं सोपंच असतं हो, डोक्याला ताप नोट बंद करण्याचा. पहिल्या डबीत झालं असं : एखादी की दाबून ठेवलेली असताना कोणी मेमरी बदलली, तर की सोडल्यावर डबी नव्या कॉर्डचे सूर बंद करायची आणि जुन्या कॉर्डचे तसेच भोंग्यासारखे वाजत राहायचे. एका गिऱ्हाईकाच्या चालू कार्यक्रमात हे झालं, त्याने पॉवर काढूनच तो सिंथ गप्प केला. त्याचा फोन आला तेव्हा मी पार्टनरकडे दिला, पार्टनरने परत माझ्याकडे दिला.

ते दुरुस्त केलं, म्हणजे कुठल्या कीमुळे कुठले सूर गेले ते प्रत्येक कीसाठी वेगळं लिहून ठेवायला लागलो, तर दुसरंच निघालं. मेमरीत मायनर आहे, तुम्ही सी दाबली, वर ई फ्लॅट पण दाबली, ई फ्लॅट हा सूर दोन्हीत आहे, आता सी सोडली की तो बंद होणार, दुसरी कॉर्ड लंगडी. म्हणून प्रत्येक सुराला किती बोटांनी धरलंय ते मोजायचं आणि मोजणी शून्यावर आली तरच सोडायचं. लिहायला एक ओळ लागली, सापडायला तीन आठवडे.

उशीर लागतो का, हे पण खूप विचारतात. साध्या मिडी केबलवरून सेकंदाला ३१,२५० बिट जातात, एक नोट म्हणजे ३ बाइट, साधारण एक मिलिसेकंद. चार सुरांची कॉर्ड तीन-चार मिलिसेकंदात पोचते, कानाला कळत नाही.

जास्तीत जास्त तक्रारी मात्र डबीच्या नसतातच, व्हॉइसच्या असतात. सहा व्हॉइसच्या सिंथवर चार सुरांची कॉर्ड टाकली आणि दोन की दाबल्या तर आठ सूर मागताय, दोन सूर चोरले जाणारच. रिलीज, म्हणजे की सोडल्यावर सूर विरण्याचा वेळ, लांब असेल तर एकच की पटापट वाजवली तरी मागची शेपूट कापली जाते. आम्ही आता सरळ सांगतो, पाचवा सूर, म्हणजे तो ७, काढून टाका, ०, ३, १० ठेवा, कॉर्डचा रंग जात नाही आणि दोन की आरामात बसतात.

दुसऱ्या व्हर्जनमध्ये १६ मेमरी दिल्या होत्या, डिस्प्ले दिला होता, आणि कोणी वापरल्याच नाहीत. तिसरीत चार ठेवल्या, चार मोठी बटणं, तीच आजही चालतेय. एक गोष्ट तेवढी माझ्या हट्टाची : सगळ्यात खालचा सूर हा आधार न धरता जो सूर आधी दाबला तो आधार धरायचा. जी-सी-ई अशी उलटलेली कॉर्ड टाकली तर खालचा जी आधार होतो, मग सी दाबल्यावर चक्क एफ मेजर ऐकू येते आणि माणूस गोंधळतो. आमच्या डबीत आधी सी दाबा, मग बाकीचे, सी दाबल्यावर सीचीच कॉर्ड येणार.

पार्टनर म्हणतो हे कोणाला कळत नाही, मॅन्युअल कोणी वाचत नाही. खरंय त्याचं, पण चौथीतही तसंच ठेवणारे.