प्रोव्होच्या फुटपाथवरचा निरोप आणि जपानीचे नऊ आठवडे

यंदाचा उन्हाळा लेकीकडे, युटामधल्या लीहाय गावी काढला. सॉल्ट लेक सिटी आणि प्रोव्हो यांच्या मधलं हे गाव. अडोबीसारख्या कंपन्यांची कार्यालयं इथे असल्यामुळे आपली माणसंही भेटतात. मुलांकडे राहायला येणाऱ्या आईवडिलांना पहिल्या आठवड्यातच एक दृश्य दिसतं: पांढरा शर्ट, टाय, छातीवर पांढऱ्या अक्षरांची काळी पट्टी लावलेले दोन तरुण, नेहमी जोडीनेच चालणारे. हे मॉर्मन मिशनरी, म्हणजे युटामध्ये मुख्यालय असलेल्या एका ख्रिस्ती पंथाचे धर्मप्रचारक. त्यांच्याबद्दल आपल्याकडे ऐकीव माहितीच जास्त. मी पुण्यात जपानी शिकवते. शेजारच्या घरातल्या अठरा वर्षांच्या मुलाला धर्मप्रचारासाठी जपानमधल्या साप्पोरोला जायचं पत्र आलं आहे आणि तिथे जाण्याआधी तो प्रोव्होच्या मिशनरी प्रशिक्षण केंद्रात जपानी शिकणार आहे, हे कळल्यावर माझी त्या मुलाशी गट्टी जमायला वेळ लागला नाही.

व्यवस्था अशी आहे. 2012 पासून मुलग्यांना अठराव्या वर्षी मिशनवर जाता येतं. मुलगे चोवीस महिने सेवा करतात, मुली अठरा महिने. देश आणि भाषा निवडण्याची मुभा नसते. पूर्वी पत्र टपालाने घरी यायचं, आता संगणकावर येतं. पण सगळे नातेवाईक जमल्याशिवाय ते उघडायचं नाही ही पद्धत टिकून आहे. पगार नाही, उलट अमेरिकेतल्या घरांना 2020 पासून दरमहा 500 डॉलर भरावे लागतात. शेजारच्या मुलाने त्यातला बराचसा वाटा दोन वर्षं सुट्ट्यांमध्ये लोकांच्या बागांची कामं करून जमवला होता. पत्रातला गावाचा शब्द त्याने मोठ्याने वाचला तेव्हा सगळं घर ओरडलं, आणि त्याची आई मात्र उठून पाणी प्यायला आत गेली. मुलं बाहेर पाठवलेल्या कुठल्याही आईला ते पाणी पिणं कळेल.

प्रशिक्षणाचा पहिला टप्पा घरीच होतो. करोनाच्या काळात सुरू झालेली ही ऑनलाइन सोय त्यांनी पुढेही ठेवली आहे. तो सकाळपासून आपल्या खोलीत, टाय लावून, संगणकासमोर. संध्याकाळी तो आमच्या स्वयंपाकघरात वही घेऊन यायचा. मी त्याला हिरागाना ही जपानी अक्षरं गिरवायला लावायचे, आणि तो मला तोवर पाठ झालेली प्रार्थना म्हणून दाखवायचा. 'तेन नो ओतोसामा', म्हणजे 'स्वर्गातल्या पित्या', अशी हाक मारून सुरू होणारी ती प्रार्थना अक्षरओळख पुरी होण्याआधीच त्याच्या तोंडात बसली होती. आमच्या वर्गात आम्ही लिपी, मग शब्द, मग वाक्य अशा पायऱ्या चढतो. इथे पहिल्या दिवसापासून पूर्ण वाक्य, तेही स्वतःला खरोखर म्हणायचं असलेलं. व्याकरण मागून येत होतं.

निघण्याआधीच्या रविवारी त्यांच्या चर्चमध्ये त्याचं छोटं भाषण होतं. बाहेरच्या माणसांना या सभेला मोकळेपणाने जाता येतं. तासाभराची सभा, त्यात पाव आणि पाणी वाटतात. तुम्ही घेतलं नाही तरी कुणी काही म्हणत नाही, ताट पुढे सरकवायचं. मी साडी नेसून गेले होते, अगदी योग्य वाटलं. तिथल्या बायका झगा किंवा स्कर्टमध्ये असतात, जीन्स टाळावी. मंदिराचं मात्र वेगळं आहे. त्यांची मंदिरं एकदा अर्पण झाली की आत फक्त त्यांचे पात्र सभासदच जाऊ शकतात. आपण बाहेरच्या बागेत फिरावं, फोटो काढावेत. सॉल्ट लेकच्या मुख्य मंदिराचं नूतनीकरण चालू आहे आणि ते एप्रिल ते ऑक्टोबर 2027 या काळात सगळ्यांना आतून पाहता येणार आहे. मुलांकडे जायचं त्या सुमारास जमत असेल तर तारखा त्याप्रमाणे ठरवा, अशी संधी पुन्हा मिळणं कठीण.

निरोपाच्या दिवशी मी त्यांच्या गाडीत होते. पूर्वी केंद्रासमोरच्या मंदिराच्या हिरवळीवर बसून घरची माणसं शेवटचे फोटो काढायची. ते मंदिर 2024 च्या फेब्रुवारीपासून पुनर्बांधणीसाठी बंद आहे, म्हणून आम्ही आधी गावातल्या दुसऱ्या मंदिरापाशी थांबलो. ही इमारत पाहण्यासारखी आहे. जुनं सभागृह 2010 च्या डिसेंबरात आगीत जळालं, विटांच्या भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या, आणि त्याच भिंती राखून 2016 मध्ये मंदिर झालं. तिथे पोटभर मिठ्या, रडणं, आजोबांचा आशीर्वाद, सगळं झालं. हे असं आधीच उरकून घ्या असं मी आवर्जून सांगेन, कारण केंद्राच्या दारात वेळ मिळत नाही. गाड्या रांगेत पुढे सरकतात, तुमची थांबली की आधीपासून तिथे असलेला एक मिशनरी हसत पुढे येतो, बॅग उतरवतो, हात मिळवतो, आणि तुमचा मुलगा त्याच्याबरोबर चालू लागतो. आईवडील आत जात नाहीत. मागची गाडी उभी असते, म्हणून तुम्हीही निघता. लेक जावयाबरोबर पहिल्यांदा अमेरिकेला निघाली तेव्हा विमानतळाच्या काचेबाहेर मी खूप वेळ उभी होते. इथे तेवढीही सवड नव्हती.

शेजारणीला सगळ्यात जड गेलं ते अंतर. मुलगा अर्ध्या तासाच्या रस्त्यावर होता आणि तरी नऊ आठवडे भेटायला जाता येणार नव्हतं. साप्पोरोला गेल्यावर तो लांबच असणार, त्यासाठी तिच्या मनाची तयारी झाली होती. बाजारात जाताना महामार्गावर प्रोव्होची पाटी दिसायची, त्या पाटीसाठी मात्र मनाची तयारी नव्हती. 2019 च्या फेब्रुवारीपर्यंत मिशनरी वर्षातून दोनदाच घरी फोन करू शकत, नाताळ आणि मातृदिनाला. आता दर आठवड्याच्या तयारीच्या दिवशी, म्हणजे कपडे धुण्याच्या आणि पत्रं लिहिण्याच्या दिवशी, व्हिडिओवर बोलता येतं. हा बदल फार आधी व्हायला हवा होता असं माझं ठाम मत आहे. अठराव्या वर्षी परक्या भाषेत दिवसभर अडखळणाऱ्या पोराला आठवड्यातून एकदा आपल्या भाषेत मनसोक्त बोलता आलं तर त्याची निष्ठा कमी होत नाही.

केंद्राविषयी थोडं. 1961 मध्ये ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या आवारात परदेशी जाणाऱ्या मिशनऱ्यांना भाषा शिकवायला सुरुवात झाली, आणि आज इथे पन्नासहून जास्त भाषा शिकवल्या जातात. इंग्रजीतच काम करायचं असेल तर दोन-तीन आठवड्यांत पाठवणी होते. जपानी, कोरियन, चिनी यांना साधारण नऊ आठवडे मिळतात. सकाळी साडेसहाला उठायचं, रात्री साडेदहाला दिवे बंद. प्रत्येकाला एक जोडीदार नेमून दिलेला, त्याच्याशिवाय कुठेही जायचं नाही. आडनावाने हाक, मुलांना एल्डर, मुलींना सिस्टर. शिकवणारे बहुतेक त्या त्या देशात मिशन करून परतलेले विद्यार्थी, जेमतेम तेवीस-चोवीस वर्षांचे.

त्याच्या आईच्या परवानगीने दर आठवड्याच्या फोनवरची शेवटची काही मिनिटं मला मिळायची. त्यात मी फक्त जपानीत बोलायचे. त्याने सांगितलेली शिकण्याची पद्धत मला शिक्षक म्हणून फार महत्त्वाची वाटली. वर्गात शिक्षक शक्यतो त्या भाषेतच बोलतात. पहिल्याच आठवड्यात जोडीने एका 'अनोळखी' माणसाच्या खोलीत जाऊन त्याच्याशी जपानीत बोलायचं असतं. तो माणूस म्हणजे शिक्षकच, जपानमध्ये भेटलेल्या खऱ्या एखाद्या व्यक्तीची भूमिका घेऊन बसलेला. पहिल्यांदा हे दोघे वहीतलं वाचून आले. पुढच्या वेळी त्या माणसाने आपले वडील नुकतेच वारल्याचं सांगितलं आणि दोघांना काय बोलावं ते सुचेना. त्या रात्री ते दोघे बसले ते सांत्वनाची वाक्यं शिकायला, कुणी अभ्यास दिला नसताना. समोरच्याला काहीतरी सांगायची तळमळ आधी आणि शब्दांचा शोध नंतर, हा क्रम आमच्या वर्गांत सहसा उलटा असतो. परीक्षेची पातळी गाठलेले आणि जपानी माणूस समोर आला की गप्प होणारे कितीतरी हुशार विद्यार्थी मी पाहिले आहेत.

उणीवही सांगायला हवी. पाचव्या-सहाव्या आठवड्यात हा मुलगा कुटुंब, श्रद्धा, प्रार्थना यांवर सलग बोलत होता, पण भाजी कशी मागायची, गाडी चुकली तर काय विचारायचं, हे त्याला येत नव्हतं. लिपीही कच्ची. म्हणून माझ्या पत्रांत मी मुद्दाम बाजारहाट, दवाखाना, हवामान असले विषय घ्यायचे. हाताने, हिरागानात, मोठ्या अक्षरांत. तुमच्या ओळखीचं कुणी तिथे असेल तर कागदावरचं पत्र पाठवाच. ते खिशात राहतं आणि पुन्हा पुन्हा वाचलं जातं. वाक्यरचनेशी मात्र तो फार झगडला. क्रियापद शेवटी ठेवणं इंग्रजी डोक्याला सहन होत नाही. 'साप्पोरो नि इकिमास' आणि 'साप्पोरोला जातो' हे आपल्याला एकाच साच्यातलं वाटतं; मराठी मुलांना जपानीत मिळणारी ही सवलत किती मोठी आहे ते मला त्याचे कष्ट पाहून नव्याने कळलं.

मी त्याला जपानला गेलेल्या पहिल्या मॉर्मन मिशनऱ्यांपैकी अल्मा टेलरची गोष्ट सांगायला गेले तर त्याला ती माझ्यापेक्षा जास्त माहीत होती. 1901 च्या ऑगस्टमध्ये त्यांचे पुढारी हेबर ग्रँट यांच्यासह योकोहामाला उतरलेल्या चौघांमध्ये टेलर सगळ्यात लहान, एकोणीस वर्षांचा. ना केंद्र, ना पाठ्यक्रम. तो आठ वर्षांहून जास्त जपानमध्ये राहिला आणि 1909 मध्ये त्यांच्या धर्मग्रंथाचं जपानी भाषांतर त्याच्या हातून पुरं झालं. आठवड्याचा फोन सोडा, पत्राला आठवडेच्या आठवडे लागायचे.

आपल्याकडच्या आठवणीही यात येतातच. फादर स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' 1616 चं, आणि मराठीने ते आपलं मानलं. मॉर्मन मिशनरीही आपल्याकडे येऊन गेले आहेत: ह्यू फिंडले हा स्कॉटिश माणूस 1851 मध्ये मुंबईत उतरला, पुण्यात राहिला. मी त्यांच्या धर्माची नाही आणि धर्मांतरासाठी दारोदार जाण्याबद्दल मला आक्षेप आहेत. तेही मी शेजारणीशी तिच्या ओट्यावर बसून बोलले. तिने ऐकून घेतलं, मी तिचं ऐकलं. मुलाला जपानी शिकवणं त्यामुळे थांबवावं असं आम्हा दोघींनाही वाटलं नाही.

आता जाणाऱ्यांसाठी. सॉल्ट लेकच्या विमानतळावरून ट्रॅक्स या शहरी रेल्वेची हिरव्या मार्गावरची गाडी घ्या, नॉर्थ टेंपल स्थानकावर उतरून फ्रंटरनर ही लांबची लोकल पकडा. ती लीहायला थांबते आणि प्रोव्होला जाते. सॉल्ट लेक ते प्रोव्हो तासाभराचा प्रवास, डाव्या खिडकीशी बसलात तर वॉसॅच डोंगर दिसत राहतात. रविवारी फ्रंटरनर धावत नाही, प्रोव्होतली बरीच दुकानंही बंद असतात, त्यामुळे रविवारचा बेत गाडीशिवाय करू नका. प्रोव्होत स्थानकावरून विद्यापीठाकडे जाणाऱ्या यूव्हीएक्स बसला मी गेले तेव्हा तिकीट नव्हतं. केंद्र पर्यटकांना खुलं नाही. बाहेरून पाहा आणि विद्यापीठाचं कलासंग्रहालय बघायला जा, तिथे प्रवेश मोफत आहे. गाव साडेचार हजार फुटांवर आणि हवा अतिशय कोरडी, पाणी सतत प्या, ओठांना लावायला काहीतरी जवळ ठेवा.

मॉर्मन घरी चहा-कॉफी नसते, मागू नका. हॉट चॉकलेट आनंदाने देतात. शाकाहारी असाल तर रंगीत जेलीच्या सॅलडपासून आणि मार्शमेलोपासून जपा, त्यात जिलेटिन असतं. 'मला जिलेटिन चालत नाही' असं आधीच सांगितलं तर यजमान मनापासून काळजी घेतात. मिशनऱ्यांना भेटलात तर हात जरूर मिळवा, पण मुलगा असेल तर बायकांनी आणि मुलगी असेल तर पुरुषांनी मिठी मारू नये, त्यांच्या नियमात बसत नाही. प्रोव्होच्या दक्षिणेला स्पॅनिश फोर्कला टेकडीवर राधाकृष्णाचं देऊळ आहे, आवारात मोर आणि लामा फिरतात. मार्चच्या शेवटी तिथल्या रंगपंचमीला हजारो तरुण येतात, त्यांत मॉर्मन विद्यार्थीही भरपूर असतात.

आणि पुण्याहून जपानला नोकरीला जाणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना एक सांगायचं आहे. जपानमधल्या बऱ्याच शहरांत हे मिशनरी इंग्रजी संभाषणाचे मोफत वर्ग घेतात, तिथे येणारी जपानी मंडळी गप्पिष्ट असतात आणि नवख्याला सांभाळून घेतात. वर्गापाठोपाठ धर्माचं बोलणं निघालं तर नको म्हणून सांगा, ते थांबतात. साप्पोरोला गेलात आणि एखादा उंच, सोनेरी केसांचा मुलगा सायकलवरून उतरून तुमच्याशी जपानीत हवामानावर बोलू लागला, तर त्याला भाजीची नावं विचारून बघा.