बेसमेंटचं रफ-इन प्लंबिंग: भिंती उभारण्याआधी कुठला पाइप कशाचा ते ओळखा

अमेरिकेत किंवा कॅनडात नवं घर घेताना बिल्डरच्या कागदांत बऱ्याचदा ‘बेसमेंट बाथरूम रफ-इन’ असा उल्लेख असतो. कमोड, बेसिन आणि शॉवर या तिघांचे सांडपाण्याचे पाइप काँक्रीटचा स्लॅब ओतण्याआधीच खाली टाकून, बूच लावून वर काढलेले असतात. काही वर्षांनी बेसमेंट करायला घेतलं की स्लॅबखाली काय आहे याचा नकाशा सहसा कुणाकडेच नसतो. मग लोक वर आलेली तोंडं मोजतात आणि थेट फ्रेमिंगला, म्हणजे भिंतींचा सांगाडा उभारायला लागतात. पाइप कशाचा हे चुकलं, तर ते कळतं टाइल्स बसल्यावर.

म्हणून आधी टेप घ्या. पाइप ज्या मापाने विकला जातो त्यापेक्षा तो बाहेरून जास्त भरतो. बाहेरून साडेतीन इंच भरला तर तो 3 इंची, म्हणजे कमोडचा. 2⅜ इंच भरला तर 2 इंची, 1.9 इंच भरला तर दीड इंची. स्लॅबमध्ये साधारण फूटभर चौकोनी खड्डा सोडून त्यात खडी भरलेली असेल, तर ती जागा शॉवरची किंवा टबची. भिंतीच्या रेषेत उभा आहे तो बेसिनचा. आता मान वर करा. छताच्या जॉइस्टांमध्ये, म्हणजे आडव्या तुळयांमध्ये, बूच लावलेला आणखी एक पाइप दिसायला हवा. तो व्हेंट, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष त्याच्याकडेच होतं.

व्हेंट कशाला लागतो? प्रत्येक ट्रॅपमध्ये, म्हणजे पाइपाच्या यू आकाराच्या वळणात, किमान 2 इंच पाणी साचून राहतं आणि तेच गटाराचा वायू अडवतं. कमोड फ्लश केल्यावर पाणी जोरात पुढे जातं आणि मागून हवा ओढतं. हवा यायला वाट नसेल तर ते शेजारच्या शॉवरच्या ट्रॅपमधलं पाणी ओढून नेतं. आधी गुडगुड आवाज येतो, मग वास.

बेसमेंटच्या रफ-इनमध्ये बऱ्याचदा बेसिनचा उभा पाइपच शॉवर आणि कमोडचाही व्हेंट असतो. जमिनीतून येणाऱ्या या 2 इंची पाइपावर तयार फरशीपासून साधारण 18 इंचांवर सॅनिटरी टी (तीन तोंडांचा जोड) बसवायची, तिच्या फाट्यावर बेसिन जोडायचं आणि पाइप तसाच सरळ वर नेऊन छतातल्या त्या पाइपाला मिळवायचा. नेहमीची चूक म्हणजे टीऐवजी एल्बो (दोन तोंडांचा वळणाचा जोड) लावून पाइप बेसिनपाशीच संपवणं. बेसिन व्यवस्थित चालतं, त्यामुळे कुणाला शंका येत नाही; पण शॉवर आणि कमोडची हवा तिथेच बंद झालेली असते. वर जाताना व्हेंट आडवा न्यावा लागला तर बेसिनच्या काठापासून किमान 6 इंच वर गेल्यावरच वळवा, आणि आत साचलेलं पाणी खाली परत येईल असा उतार द्या. हवा आत घेणारा छोटा झडपेचा व्हेंट दुकानात मिळतो, पण तो सगळीकडे चालत नाही. आधी गावच्या इन्स्पेक्टरला विचारा.

कमोडचं माप तयार भिंतीपासून पाइपाच्या मध्यापर्यंत 12 इंच धरतात. इथे तयार भिंत म्हणजे ड्रायवॉल (सांगाड्यावर लावायचा जिप्सम बोर्ड), फाउंडेशनचं काँक्रीट नव्हे. काँक्रीटला लागून अर्धा इंच फट, साडेतीन इंचांचा स्टड (सांगाड्याचा उभा खांब) आणि अर्ध्या इंचाचा ड्रायवॉल धरला तर काँक्रीटपासून मध्य साडेसोळा इंचांवर हवा. मधे फोम लावणार असाल तर त्याची जाडी आणखी वाढवा. अंतर दोन इंच कमी भरलं तर 10 इंची कमोड मिळतो. त्याहून कमी असेल तर बहुधा स्लॅब फोडावा लागतो. मध्यापासून दोन्ही बाजूंना किमान 15 इंच आणि पुढे 21 इंच मोकळी जागा हवी. फ्लँज, म्हणजे कमोड ज्यावर बसतो ती पाइपाच्या तोंडाची कडी, टाइल्स झाल्यावर, तयार फरशीच्या वर बसवा आणि स्क्रूने काँक्रीटमध्ये पक्का करा. आधी बसवला तर तो टाइलच्या खाली जातो आणि कमोड आणि फ्लँजमधली फट बंद करणारी मेणाची रिंग नीट दबत नाही.

शॉवरच्या पाइपाचं बूच कापल्यावर टॉर्च मारून आत बघा. स्वच्छ पाणी स्थिर साचलेलं दिसलं तर ट्रॅप बहुधा खाली आधीच आहे. खात्रीसाठी खडी थोडी उकरून वळण बघा, कारण एकामागे एक दोन ट्रॅप लावले तर पाणी अडतं. ट्रॅप नसेल तर त्या खड्ड्यात 2 इंची बसवा. टबाला दीड इंच चालतो, शॉवरला तो सगळीकडे चालत नाही. पाण्याची चाचणी झाल्याशिवाय खड्डा बुजवू नका. उघड्या तोंडांत काम चालू असेपर्यंत चिंधी कोंबून ठेवा.

गटार बेसमेंटपेक्षा उंचावर असेल तर स्लॅबमध्ये इजेक्टरची, म्हणजे सांडपाणी वर ढकलणाऱ्या पंपाची, टाकी लागते. तिचं झाकण घट्ट बंद असतं, व्हेंट स्वतंत्र असतो आणि बाहेर जाणाऱ्या पाइपावर चेक व्हॉल्व्ह (पाणी मागे येऊ न देणारी झडप) लागतो. शेजारी जमिनीतलं पाणी उपसणारा संपचा खड्डा दिसेल. त्यात सांडपाणी कधीही सोडू नका.

जोडताना रंग पाहा. पांढरा पाइप पीव्हीसी, काळा एबीएस, आणि दोघांचं सिमेंट वेगळं. काळ्याला पांढरा जोडायचा असेल तर धातूच्या पट्ट्याचं रबरी कपलिंग घ्या. परमिट काढा, ड्रायवॉल लावण्याआधी तपासणी करून घ्या, आणि भिंत बंद करण्यापूर्वी टेप लावून प्रत्येक पाइपाचा फोटो काढून ठेवा.