मानौसहून रियो नेग्रोवर

चर्चच्या वैद्यकीय पथकासोबत ब्राझीलमधील मानौस शहराहून निघालेल्या आमच्या दुमजली बोटीत खाली औषधांची खोकी आणि वर झोपण्यासाठी टांगलेल्या झोळ्या होत्या. रियो नेग्रो या नदीचे पाणी कोऱ्या चहासारखे काळपट आणि आम्लधर्मी असल्यामुळे डासांचा उपद्रव मात्र कमी होता. अ‍ॅमेझॉनवर बोटीतून औषधोपचार पोहोचवण्याची ही रीत जुनीच आहे. १९३१ साली लिओ आणि जेसी हॅलिवेल या अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाच्या ख्रिस्ती दांपत्याने ‘लुझेइरो’ ही बोट पाण्यात उतरवून काठावरच्या हिवतापाच्या रुग्णांवर उपचार केले होते. आदिवासींच्या प्रदेशात शिरण्यासाठी फुनाई या सरकारी संस्थेची परवानगी लागते आणि ते योग्यच आहे, कारण एकाकी राहणाऱ्या जमातींसाठी बाहेरच्या माणसाचे साधे पडसेही जीवघेणे ठरू शकते. गावात प्रार्थनेपेक्षा दातदुखीच्या रांगेतच अधिक गर्दी झाली, याचे मला, खरे सांगायचे तर, समाधानच वाटले.